सातशे अठ्ठावीस अक्षरे

१/
साल १९५६. न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाकडील पर्ल स्ट्रीटवर, एका जुन्या इमारतीत, नुकतीच पंचविशी ओलांडलेला एक चित्रकार कॅनव्हासवर चौकटी आखत होता. आडवी २७ घरे, उभी २७ घरे, एकूण ७२९. पहिले घर त्याने रिकामे सोडले आणि उरलेल्या ७२८ घरांत इंग्रजी वर्णमाला भरायला घेतली. ए, बी, सी, डी... झेड आले की पुन्हा ए.

शब्द एकही नाही. वाक्य नाही, आकृती नाही, रंगही जवळजवळ नाही. केवळ अक्षरे, आणि तीही सारी करडी.

२/
या चित्राचे नाव ‘ग्रे अल्फाबेट्स’. चित्रकार जॅस्पर जॉन्स. आज ते अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात, मेनिल कलेक्शन या संग्रहालयाच्या मालकीचे आहे. उंची सुमारे १६८ सेंटीमीटर, रुंदी सुमारे १२४. म्हणजे प्रत्येक घर काडेपेटीहून जरासे मोठे.

लहान मूल शाळेच्या पहिल्याच वर्षी जे पाठ करते, ते एका प्रौढ चित्रकाराने एकाच कॅनव्हासवर इतक्या वेळा का काढावे? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कामाच्या रीतीत दडलेले आहे. मेण, वर्तमानपत्र, साचा आणि चौकट या चार साध्या गोष्टींची ही कथा.

३/
जॉन्स यांचा जन्म १५ मे १९३० रोजी जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे झाला. आईवडील लवकरच विभक्त झाले आणि मुलगा दक्षिण कॅरोलायनातील ॲलनडेल या छोट्या गावी आजोबांकडे वाढू लागला. आजी तो जन्मण्यापूर्वीच वारली होती. पण तिने काढलेली चित्रे घराच्या भिंतींवर होती. त्या परिसरात चित्रकार म्हणावा असा दुसरा कोणी नव्हता.

आजोबांच्या मृत्यूनंतर तो पुढे काही वर्षे आत्याकडे राहिला. आत्या शिक्षिका होती. सर्व इयत्ता एकत्र बसत अशा खेड्यातल्या चिमुकल्या शाळेत ती शिकवत असे. घर वारंवार बदलले. फळा आणि त्यावरची अक्षरे मात्र सगळीकडे सारखीच होती.

४/
१९४० च्या दशकाच्या अखेरीस जॉन्स न्यूयॉर्कला आले. पार्सन्स या कलाशाळेत काही महिने काढले आणि तेही सोडले. मग सैन्यात सक्तीची भरती झाली. कोरियात युद्ध चालू होते. त्या काळात त्यांची नेमणूक काही महिने जपानमधील सेंदाई येथे होती. १९५३ मध्ये ते न्यूयॉर्कला परतले आणि एका पुस्तकांच्या दुकानात नोकरी करू लागले.

१९५४ च्या सुमारास त्यांची रॉबर्ट रॉशेनबर्ग या चित्रकाराशी ओळख झाली. दोघे मिळून मोठ्या दुकानांच्या दर्शनी काचांमागची सजावट करीत आणि त्यावर घरभाडे भागवीत. या पोटापाण्याच्या कामासाठी त्यांनी ‘मॅटसन जोन्स’ असे टोपणनाव घेतले होते. खरी नावे त्यांनी चित्रांसाठी राखून ठेवली.

५/
त्या काळचे न्यूयॉर्क कोणाचे होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढची गोष्ट उलगडत नाही. जॅक्सन पोलॉक, विलेम डी कूनिंग, मार्क रोथको यांचा तो काळ. या चित्रप्रवाहाला अमूर्त अभिव्यक्तिवाद म्हणतात. कॅनव्हास हे चित्रकाराच्या अंतरंगाचे रणांगण आणि कुंचल्याचा प्रत्येक फटकारा ही त्याच्या आत्म्याची सही, अशी धारणा रूढ झाली होती. पोलॉक जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर रंग ओघळवीत, उडवीत फिरत असत.

नव्या पिढीची अडचण इथेच होती. ‘स्वतःला व्यक्त कर’ हा आदेश शंभर तरुण एकाच वेळी पाळू लागले, आणि शंभरांचे ‘स्वत्व’ दिसायला एकसारखे होऊ लागले.

६/
मराठीत ‘कित्ता गिरवणे’ असा वाक्प्रचार आहे. कित्ता म्हणजे वळणदार अक्षरांचा नमुना. तो समोर ठेवून नवशिका हात बसवतो. मोडी लिपीतही वळणांची नावे रूढ होती आणि शिकणाऱ्याला त्या त्या वळणाचा कित्ता घोटावा लागे. पण चित्रकाराविषयी ‘तो अमक्याचा कित्ता गिरवतो’ असे कोणी म्हटले, तर तो दूषणच समजावा.

जॉन्स यांना नेमके हेच सलत होते. आपल्या कामात दुसऱ्या कोणाची छटा दिसली की ते अस्वस्थ होत. १९५४ मध्ये त्यांनी आपल्याजवळ असलेली स्वतःची जवळजवळ सगळी चित्रे नष्ट केली. इतरांच्या हाती गेलेली थोडीच काय ती वाचली.

वय २४. हाती काही उरलेले नाही. आता काय काढायचे?

७/
उत्तर स्वप्नात आले, असे जॉन्स यांनी पुढे सांगितले आहे. आपण अमेरिकेचा राष्ट्रध्वज मोठ्या आकारात रंगवत आहोत, असे त्यांना एका रात्री दिसले. सकाळी उठून त्यांनी ते काम सुरू केले.

ध्वजाची रचना त्यांना करावी लागणार नव्हती. पट्टे किती, तारे किती, रंग कोणते, हे सारे आधीच ठरलेले होते. (तेव्हा तारे ४८ होते; अलास्का आणि हवाई १९५९ मध्ये जोडले गेले.) ‘काय काढू’ हा प्रश्नच सुटला आणि ‘कसे काढू’ एवढाच उरला. ध्वजानंतर लक्ष्यवेधाची वर्तुळे आली, अंक आले, आणि मग अक्षरे आली. प्रत्येक विषय असा, की ज्याला निर्माता नाही. निदान ज्याचा निर्माता कोणाला आठवत नाही.

८/
पण ‘कसे’ या प्रश्नाने पहिल्याच चित्रात अडवले. ध्वज रंगवताना त्यांनी आधी घरगुती वापराचा एनॅमल रंग घेतला होता. तो वाळायला वेळ लागे. पहिला थर ओला असताना दुसरा दिला की दोन्ही एकमेकांत मिसळत आणि चिखल होई. जॉन्स यांना प्रत्येक फटकारा वेगळा, स्वच्छ आणि जसाच्या तसा राहायला हवा होता.

मग एक अतिशय जुनी पद्धत त्यांच्या ध्यानात आली. मधमाशांचे मेण वितळवायचे, त्यात रंगद्रव्य घालायचे आणि ते गरम असतानाच कुंचल्याने लावायचे. मेण क्षणार्धात थिजते. पुढचा फटकारा बसण्यापूर्वी मागचा घट्ट झालेला असतो.

९/
या पद्धतीला एनकॉस्टिक म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘तापवून बसवलेले’. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने तिचे वर्णन केले आहे. तिचे सर्वांत हृदयस्पर्शी नमुने इजिप्तच्या फयूम भागात सापडले. पहिल्या ते तिसऱ्या शतकांत, रोमन अमलाखालील इजिप्तमध्ये, मृताचा चेहरा लाकडी फळीवर रंगवून तो त्याच्या ममीवर बसवत. यांतले अनेक चेहरे मेणरंगात आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षांनंतरही त्यांचे डोळे ओले वाटतात आणि गालावरचा कुंचल्याचा माग मोजता येतो.

मध्ययुगापर्यंत ही कला मागे पडली. तैलरंग आल्यावर तर तिची गरजच उरली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती जवळजवळ पुराणवस्तू झाली होती.

१०/
मेण आणि अक्षर यांचे नातेही फार जुने आहे.

इटलीतील मार्सिलियाना येथे सापडलेली एक हस्तिदंती पाटी इसवी सनापूर्वी सातव्या शतकातली मानली जाते. आकाराने ती तळहातात मावेल एवढी. मध्ये मेण भरण्यासाठी खोलगट जागा आणि वरच्या कडेवर कोरलेली संपूर्ण वर्णमाला. ही अक्षरे उजवीकडून डावीकडे वाचायची. एकूण अक्षरे २६.

रोमन मुले मेण लावलेल्या लाकडी पाट्यांवर टोकदार लेखणीने लिहीत. चुकले की मेण सपाट करायचे, पाटी पुन्हा कोरी. पहिल्या शतकातील शिक्षणतज्ज्ञ क्विंटिलियन याने तर असा सल्ला दिला आहे की, अक्षरे फळीवर खोल कोरून द्यावीत. मुलाची लेखणी त्या खोबणीतून फिरेल, कडांबाहेर जाणार नाही आणि हाताला वळण लागेल.

खोबण म्हणजे साचाच. साचा, मेण आणि वर्णमाला ही तिन्ही पहिल्या शतकातल्या शाळेत एकत्र होती. १९५६ मध्ये ती पर्ल स्ट्रीटवर पुन्हा एकत्र आली.

११/
आता कामाची रीत पाहू.

प्रथम कॅनव्हासवर चौकटी. मग वर्तमानपत्रे आणि इतर कागद फाडून किंवा कापून त्यांचे तुकडे करायचे. शेगडीवर मेण वितळलेले असते; मधमाशांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे त्यासाठी फार मोठी आच लागत नाही. तुकडा त्या मेणात बुडवायचा आणि कॅनव्हासवर चिकटवायचा. थिजला की तो तिथलाच होतो. त्यावर पुन्हा मेणरंगाचे फटकारे.

मेण अर्धपारदर्शक असते. त्यामुळे खालचे छापील मजकुराचे तुकडे पूर्ण झाकले जात नाहीत. दुरून पाहिले तर करडी जाळी. दोन पावले पुढे गेले तर अक्षरे. नाक लावून पाहिले तर अक्षरांच्या खाली आणखी अक्षरे, त्या दिवसांतल्या वर्तमानपत्रांची.

१२/
इथे घाई चालत नाही आणि रेंगाळणेही चालत नाही. मेण भांड्यात गरम असते. कुंचल्यावर आले की थंड होऊ लागते. कॅनव्हासपर्यंत पोहोचेतो काही क्षणच हातात असतात. फार गरम असेल तर ते ओघळते; फार निवले असेल तर गोळा होतो. एका अक्षराला चार-सहा फटकारे, मग पुन्हा भांड्याकडे वळायचे. असे ७२८ वेळा.

पोलॉक यांच्या वेगवान, वाहत्या रेषेच्या नेमके उलट असे हे काम. इथे हाताला दर क्षणी थांबावे लागते. प्रत्येक थांबा मेणात उमटून राहतो.

१३/
अक्षरांचा आकार कोठून आला? त्या वर्षांत जॉन्स अंक आणि अक्षरे यांसाठी दुकानात मिळणाऱ्या साच्यांचे वळण वापरत. खोकी, पेट्या, पाट्या यांवर अक्षरे उमटवण्यासाठी असे साचे वापरले जातात. त्यात सौंदर्याचा हव्यास नसतो. वाचता आले म्हणजे झाले.

कलासमीक्षक लिओ स्टाइनबर्ग यांनी त्यांना यावर छेडले होते. हे वळण तुम्हाला आवडते म्हणून वापरता, की साचे तसेच मिळतात म्हणून? जॉन्स यांच्या उत्तराचा आशय असा होता, की ते तसेच मिळतात, हेच तर त्यांना आवडते. स्टाइनबर्ग यांनी आवड आणि अपरिहार्यता यांत निवड करायला सांगितली होती. जॉन्स यांनी दोन्ही एकच करून टाकल्या.

१४/
चौकटीचे गणित फार देखणे आहे. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहण्यासारखे.

पहिल्या ओळीत एक रिकामे घर आणि ए ते झेड ही २६ अक्षरे, म्हणजे २७ घरे. दुसरी ओळ ए पासून सुरू होते. झेडवर २६ घरे संपतात आणि सत्ताविसाव्या घरात पुन्हा ए येतो. त्यामुळे तिसरी ओळ आपोआप बी पासून सुरू होते, चौथी सी पासून. परिणामी जी वर्णमाला आडवी वाचता येते, तीच उभीही वाचता येते. आणि वरून उजवीकडून खाली डावीकडे तिरके पाहत गेले, तर एकच अक्षर रांगेने उभे दिसते.

७२८ ला २६ ने भागले की नेमके २८ येतात. म्हणजे वर्णमाला पूर्ण अठ्ठावीस वेळा येते. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. हे सगळे साधते केवळ त्या पहिल्या रिकाम्या घरामुळे.

१५/
मराठी वाचकाला ही रचना अगदीच परकी वाटू नये. वर्गाच्या भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता आठवावा. आडवे वाचले तर क, का, कि, की. उभे वाचले तर क, ख, ग, घ. तिथेही प्रत्येक घराची जागा दोन दिशांनी ठरलेली असते आणि कोणत्याही अक्षराला शेजारी निवडण्याचे स्वातंत्र्य नसते.

तक्त्यात अर्थ नसतो, पण त्याच्या बाहेर एकही अर्थ नसतो. जे जे लिहिले गेले आणि लिहिले जाईल, प्रेमपत्र असो वा जप्तीची नोटीस, ते सारे त्याच घरांतून उचललेले असते. जॉन्स यांनी उचलण्याच्या आधीची अवस्था रंगवली.

१६/
यात एक खोल कोडे आहे. रंगवलेले सफरचंद खाता येत नाही, कारण ते सफरचंदाचे चित्र असते. पण रंगवलेले ‘ए’ हे काय आहे? ‘ए’चे चित्र, की प्रत्यक्ष ‘ए’? पाटीवर लिहिलेले ‘ए’ जितके खरे, तितकेच कॅनव्हासवरचे. अक्षराची प्रतिकृती काढताच येत नाही; काढायला जावे तर अक्षरच तयार होते.

चित्र म्हणजे वस्तूचा आभास, ही पाश्चात्त्य चित्रकलेतील शतकांची समजूत इथे अडखळते. आणि चित्र म्हणजे आत्म्याचा उद्गार, ही पोलॉक यांच्या पिढीची समजूतही अडखळते. कारण वर्णमाला हा कोणाच्याही आत्म्याचा उद्गार नाही. ती फिनिशियन व्यापाऱ्यांकडून ग्रीकांकडे, ग्रीकांकडून एत्रुस्कांकडे, त्यांच्याकडून रोमनांकडे आणि तेथून दक्षिण कॅरोलायनातल्या खेड्यातल्या फळ्यापर्यंत हातोहात आली आहे.

१७/
मग करडाच रंग का? त्या काळात जॉन्स यांनी अनेक चित्रे संपूर्ण करड्या रंगात केली. रंग आला की भावना येते, नाट्य येते. लाल म्हटले की राग, निळा म्हटले की उदासी. करड्यात वस्तू जशी आहे तशी राहते, अशी त्यांची भूमिका होती.

प्रत्यक्ष चित्र मात्र एकसुरी नाही. कुठे पांढऱ्याकडे झुकलेला करडा, कुठे शिशासारखा, कुठे निळसर. काही अक्षरे ठसठशीत, काही पार्श्वभूमीत विरघळलेली. एकाच साच्याचे वळण, एकच हात, एकच मेण. तरी अठ्ठावीस ‘एम’मधले दोन सारखे नाहीत.

१८/
हा अबोलपणा ज्या काळात जन्मला, तो काळही लक्षात घ्यायला हवा. शीतयुद्ध ऐन भरात होते. सिनेटर मॅकार्थी यांच्या चौकश्यांनी धास्ती पसरवली होती. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या एका आदेशामुळे समलिंगी व्यक्तींना केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतून काढून टाकण्याचा मार्ग मोकळा झाला.

जॉन्स आणि रॉशेनबर्ग १९६१ पर्यंत एकमेकांचे जोडीदार होते. ‘मन मोकळे करा, कॅनव्हासवर स्वतःला ओता’ हा सल्ला ज्यांना मोकळे होणे परवडत होते त्यांच्यासाठी ठीक होता. काही अभ्यासकांनी जॉन्स यांच्या करड्या संयमाचा संबंध या भीतीशी जोडला आहे. जॉन्स स्वतः आपल्या खासगी आयुष्याविषयी क्वचितच बोलले. पण एवढे खरे, की सर्व अक्षरे समोर मांडून एकही शब्द न उच्चारणारे चित्र त्या वर्षांत, त्या इमारतीत तयार झाले.

१९/
दुसऱ्यासाठी अक्षरे लिहिण्याचे एक कामही त्यांनी याच काळात केले. १९५३ मध्ये रॉशेनबर्ग यांनी डी कूनिंग यांच्याकडून त्यांचे एक रेखाचित्र मागून घेतले होते, ते खोडून टाकण्यासाठी. डी कूनिंग यांनी नाखुशीने का होईना, ते दिले. रॉशेनबर्ग यांनी मोठ्या कष्टाने ते पुसले. उरला जवळजवळ कोरा कागद.

त्या कागदाखाली, चौकटीच्या आत, कलाकृतीचे नाव, कलावंताचे नाव आणि वर्ष सांगणारी एक नेटकी ओळ आहे. ती जॉन्स यांनी लिहिली. यंत्राने उमटवल्यासारखी ती अक्षरे नसती, तर तो कागद नुसता पुसलेला कागद राहिला असता.

२०/
११ ऑगस्ट १९५६ रोजी जॅक्सन पोलॉक मोटार अपघातात मरण पावले. वय ४४. ते स्वतःच गाडी चालवत होते आणि मद्याच्या अमलाखाली होते. ज्या वर्षी अंतरंगाच्या स्फोटाचा सर्वांत प्रसिद्ध चित्रकार गेला, त्याच वर्षाची तारीख ‘ग्रे अल्फाबेट्स’वर आहे. एकाने दुसऱ्याला उत्तर दिले असे म्हणता येणार नाही. इतिहासात दोन घटना शेजारी येतात, त्या नेहमी एकमेकींशी बोलतच असतात असे नाही. तरीही त्या एका वर्षात न्यूयॉर्कच्या चित्रकलेत एक पान उलटले जात होते.

२१/
१९५७ मध्ये लिओ कॅस्टेली हे नवे कलादालन उघडलेले गृहस्थ रॉशेनबर्ग यांची चित्रे पाहायला पर्ल स्ट्रीटवर आले. बोलता बोलता जॉन्स यांचे नाव निघाले. त्यांचे एक हिरवे लक्ष्यचित्र कॅस्टेली यांनी नुकतेच एका प्रदर्शनात पाहिले होते. तो चित्रकार याच इमारतीत राहतो हे कळताच, आलेले काम बाजूला ठेवून ते त्याच्या खोलीत गेले. ध्वज, लक्ष्ये, अंक, अक्षरे: सारे तिथे भिंतींवर होते.

जानेवारी १९५८ मध्ये कॅस्टेली यांच्या दालनात जॉन्स यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे ॲल्फ्रेड बार यांनी संग्रहालयासाठी तीन चित्रे घेतली. चौथे, म्हणजे ‘फ्लॅग’, घेतल्यास देशभक्तीच्या नावाने गदारोळ होईल अशी त्यांना धास्ती होती. म्हणून ते त्यांनी वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांना घ्यायला लावले. पुढे ते संग्रहालयातच आले.

२२/
अक्षरे आणि अंक जॉन्स यांनी नंतरही सोडले नाहीत. १९५९ मधील ‘फॉल्स स्टार्ट’मध्ये रंगांची नावे साच्याने लिहिलेली आहेत, पण भलत्याच रंगांत, ‘लाल’ हा शब्द लाल असेलच असे नाही. १९६० पासूनच्या ‘झीरो थ्रू नाइन’ मालिकेत शून्यापासून नऊपर्यंतचे अंक एकाच जागी एकमेकांवर रचले आहेत. १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या जेमिनी मुद्रणशाळेत ‘ग्रे अल्फाबेट्स’चे शिळामुद्रण झाले. ज्या अक्षरांचा जन्मच छपाईसाठी, ती बारा वर्षांनी छपाईकडे परतली.

आणि १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधील नाट्यगृहासाठी केलेले ‘नंबर्स’. त्यातही अशीच चौकटींची जाळी, अंकांची. पण वरच्या कोपऱ्यात एका पावलाचा ठसा आहे. तो नर्तक मर्स कनिंगहॅम यांचा. अंक सगळ्यांचे, पाऊल एकाचे.

२३/
त्या पावलाच्या ठशात ‘ग्रे अल्फाबेट्स’चे मर्मही सापडते. इतरांचा कित्ता गिरवला जाईल या भीतीने ज्या तरुणाने आपली चित्रे नष्ट केली, त्याने अखेर सर्वांत सार्वजनिक कित्ता समोर घेतला. जो कोणा एकाचा नाही, तो गिरवल्याने कोणाची नक्कल होत नाही. आकार शोधण्याचे ओझे उतरले आणि हात मोकळा झाला. मग दाब, वेग, थरथर, थांबा, मेण निवण्याआधीचा तो एक क्षण, या सगळ्या गोष्टी दिसू लागल्या. आणि त्या मात्र दुसऱ्या कोणाच्याही नव्हत्या.

स्वत्व शोधायला निघालेल्यांना ते सापडले नव्हते. ते गिरवणाऱ्याला सापडले.

२४/
महाराष्ट्रात मुलांना पूर्वी धुळाक्षरे शिकवत. पाटीवर बारीक धूळ पसरायची, पंतोजींनी मुलाचे बोट धरून त्यावर ‘श्री’ काढायचा, मग अ, आ, इ. बोट उचलले की अक्षर राही, पाटी हलवली की जाई. त्या धुळीतले एकही अक्षर आज कोठे उरलेले नाही. ज्या लाखो बोटांनी ती काढली, त्यांचा मागही नाही.

संस्कृतात ‘अक्षर’ म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. अक्षराचा आकार टिकतो हे खरे. टिकत नाही तो ते काढणारा हात. ह्यूस्टनच्या त्या करड्या कॅनव्हासवर, मेणात, एका तरुण हाताची ७२८ गिरवणी मात्र थिजून राहिली आहेत. आणि डाव्या कोपऱ्यात, सर्वांत वर, ते एक घर अजून रिकामे आहे.

(समाप्त)